खालची शिंप

आईची बॅग गेले अकरा दिवस भरून दिवाणाखाली ठेवलेली होती. रोज सकाळी ती बाहेर ओढायची, चेन उघडायची, आतल्या दोन साड्या वर-खाली करायची आणि पुन्हा आत ढकलायची. आमच्या विद्यानगरच्या फ्लॅटमध्ये इतक्या उत्साहानं दुसरं कुणी काहीच करत नव्हतं.

"आई, त्या बॅगेला पाय फुटणार नाहीत," मी म्हणायचे.

"माका फुटलेत ना," ती म्हणायची.

आई म्हणजे मालनबाई. वय अडुसष्ट, गाव देवगडच्या खालच्या अंगाला, अगदी समुद्रावर. बारा वर्षांपूर्वी माझ्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी हैदराबादला आली ती इथेच राहिली. आधी श्रुती तान्ही म्हणून, मग माझी नोकरी म्हणून, मग करोना म्हणून. कारणं माझीच, दर खेपेला नवी. आईनं कधी कुरकुर केली नाही, पण गेल्या दिवाळीत फराळ तळता तळता तिनं सांगून टाकलं, "तुझां प्रदर्शन झालां की मी जातलंय. आता अडवू नको." माघातल्या अवसेला मोठी ओहोटी लागते. त्या दिवशी तिला आपल्या खडपावर उभं राहायचं होतं. बारा वर्षांत तिनं मागितलेली ही एकच गोष्ट.

खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा काळा खडक. त्याच्यावर कालवं असतात, दगडालाच घट्ट चिकटून वाढलेली. पाणी उतरलं की आमच्याकडच्या बायका खडपावर उकिडव्या बसतात, कालवाची वरची शिंप उडवतात, आतलं मऊ मांस काढून मडक्यात टाकतात आणि पुढच्या कालवाकडे सरकतात. पाणी परत चढेपर्यंत दोन-अडीच तास मिळतात. माझे वडील होडीवर खलाशी होते. मी सहा वर्षांची असताना ते गेले, आणि त्यानंतर आमचं घर त्या मडक्यावर चाललं. माझी शाळा, माझी रंगपेटी, पुढे हैदराबादला चित्रकला शिकायला आले तो सगळा खर्च, हे सगळं कालवांतून आलं.

खडप कुणाच्या नावावर नसतं, कागद नाही की पत्र नाही. तरी एकीच्या दगडावर दुसरी जात नाही. आईचा दगड अगदी टोकाला होता. त्यातून एक पांढरी रेघ गेलेली, ती वाळूवरूनही दिसायची. हैदराबादला यायला निघाली तेव्हा तिनं तो दगड शेजारच्या सुशीलाबाईच्या हवाली केला. "मी येयपर्यंत बघ," एवढंच म्हणाली होती. सुशीलाबाई म्हणजे माझी सुशीमावशी. नवरा नाही, मूल नाही, आईची लहानपणापासूनची जोडीदारीण.

मला मात्र आईनं खडपावर कधी पाऊल ठेवू दिलं नाही. शिंपेची कड पात्यासारखी असते, आईच्या बोटांवर त्या कडेच्या बारीक पांढऱ्या चिरा भरलेल्या होत्या. "हात कापलंस तर चित्रां कशान काढतलंस?" हे तिचं ठरलेलं वाक्य. कालवं फोडायची तिची एक लोखंडी सळई होती, टोकाला वाकवून चपटी केलेली, लाकडी मुठीची. आम्ही तिला नुसतं लोखंड म्हणायचो. एकदा मी ते हळूच उचललं होतं, तर तिनं माझ्या हातातून हिसकावून घेतलं आणि वर एक धपाटा घातला. मग मी वाळूत बसून लाटांनी आणलेल्या शिंपांची चित्रं काढायचे. सगळ्या वरच्या, एकेकट्या. हिचा दुसरा अर्धा कुठे जात असेल, असं मला सारखं वाटायचं. मी कुणाला विचारलं नाही. समुद्र नेत असेल, असं माझं मीच ठरवून टाकलं. पुढे चित्रकार म्हणून माझं जे काही थोडंफार नाव झालं, ते ह्याच शिंपांवर. मुलाखतींतून मी समुद्र, आई, ओहोटी असं बरंच काही बोलले आहे. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

आईनं मात्र समुद्र बोलून दाखवला नाही, तिनं तो कॅलेंडरवर ठेवला. फ्रिजच्या बाजूला टांगलेल्या कॅलेंडरात ती रोज सकाळी तिथी बघायची, तिथीची पाऊणपट करायची आणि त्या चौकोनात पेन्सिलनं भरतीची वेळ लिहायची. अष्टमी असली तर सहा, द्वादशी असली तर नऊ. आमच्या भागात पाण्याचा टँकर कधी येईल हे कुणालाही सांगता येत नसे, पण देवगडला समुद्र कधी चढेल हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत असायचं. श्रुती म्हणायची, "आज्जी, लाइट घे ना, सोड ते. इथं कुठंय समुंदर?" मग आम्ही एकदा आईला हुसेनसागरावर घेऊन गेलो. कठड्याशी बराच वेळ उभी राहून ती म्हणाली, "हो कसलो सागर? भरती नाय, सुकती नाय. ह्या पाण्याक काय कामधंदो नाय?" विक्रम, माझा नवरा, हसून बेजार झाला. त्याचे आजोबा परभणीकडचे शेतकरी, घराणं तीन पिढ्या हैदराबादेत. पाण्याला काही कामधंदा असतो हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

जायचं ठरल्यावर तिनं लोखंड बाहेर काढलं. बारा वर्षं ते एका जुन्या परकराच्या चिंधीत गुंडाळून तिच्या पत्र्याच्या पेटीत होतं. गल्लीत सायकलवर धार लावणारा यायचा, त्याच्याकडे ती ते घेऊन खाली उतरली.

तो उलटसुलट करून बघत म्हणाला, "ये क्या है अम्मा? ताले खोलते क्या इससे?"

"दर्या का है," आई ऐटीत म्हणाली. "धार लगाव नीट."

ती वर आली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी मनात म्हटलं, प्रदर्शनात माझं काम बघून हिचा चेहरा असाच झाला पाहिजे.

कारण ते काम तिच्यासाठीच होतं, आणि तिला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. जामबागेत एका जुन्या शाळेमागे मी खोली भाड्यानं घेतली होती, तिथे पावसाळा संपल्यापासून मी ते गुपचूप करत होते. एक अख्खी भिंत, तिच्यावर हजारो कालवं. ह्या वेळी एकेकटी शिंप नाही, जोड्या. वरची आणि खालची, दोन्ही एकत्र, मधोमध उघडलेल्या. लहानपणी जो अर्धा कधी सापडला नाही तो मी सगळाच्या सगळा गोळा करणार होते. त्या भिंतीचं नाव मी ठेवलं होतं 'मालन'.

शिंपा सुशीमावशीनं पाठवल्या. मागच्या पावसाळ्यानंतर मी तिला फोन केला होता. म्हटलं, मावशी, मला कालवांच्या दोन्ही शिंपा हव्यात, पुष्कळ हव्यात, आणि आईपाशी हा विषय काढू नकोस. "दोन्ही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, हो, दोन्ही. मग ती म्हणाली, "बरां." चार महिने पोत्यांमागून पोती येत राहिली. खालच्या शिंपांना काळ्या दगडाचे तुकडे चिकटलेले असायचे, ते मी हातोडीनं ठोकून काढायचे आणि वैतागायचे. एकदा तर फोन करून तिला ऐकवलंसुद्धा, "मावशी, जरा साफ करून पाठव गं. माझा निम्मा वेळ दगड फोडण्यात जातो." तेव्हाही ती "बरां" एवढंच म्हणाली. एक जोडी तेवढी मी दगडासकट ठेवली. तिच्या दगडात पांढरी रेघ होती. दिसायला सुरेख होती, म्हणून मी ती भिंतीच्या मधोमध लावली.

माझ्यासारखी शहाणी दुसरी नसेल. ती रेघ मी लहानपणी रोज वाळूवरून बघितली होती.

प्रदर्शनाचं उद्घाटन शुक्रवारी संध्याकाळी होतं. पाहुणे यायच्या आधी आईला निवांत बघता यावं म्हणून मी तिला दुपारीच घेऊन गेले. बंजारा हिल्सच्या चढावर रिक्षा कुथत होती आणि आई हिशेब सांगत होती. "आज एकादशी. सव्वाआठाक भरती, अडीचाच्या सुमाराक सुकती. आज पाणी तसां लांब जावचां नाय. शिवरात्रीक मी घराकडे, आणि मंगळवारी अवस, तेव्हा बघ कसां जाता तां." रविवारचं कोल्हापूरच्या बसचं तिकीट तिच्या बटव्यात होतं. पुढे न्यायला देवगडची गाडी सांगितली होती, पण सुशीमावशीला तिनं मुद्दाम कळवलं नव्हतं, अचानक तिच्या दारात उभं राहायचं होतं.

गॅलरी सांभाळणारी योगिनी नावाची मुलगी आहे, पुण्याची. तिनं दिवे लावले. भिंत एकदम पांढरी झाली, आतून जांभळट, मोत्याच्या पाण्याची. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले.

आधी ती हसली. खरंच हसली, लहान मुलीसारखी. मग जवळ गेली. एका जोडीवर बोट ठेवलं, वरच्या शिंपेवरून ते खालच्या शिंपेवर आणलं, आणि खालच्या शिंपेच्या पाठीवरून फिरवत राहिली. मग दुसऱ्या जोडीवर, मग तिसऱ्या. असं करत करत ती मधोमध आली. तिथे तिचं बोट थांबलं.

"ह्यो खालच्यो शिंपा खयसून आणलंस?" तिनं विचारलं.

"गावाहून," मी म्हटलं. मला अजून आनंदच होत होता. "सुशीमावशीनं पाठवल्या. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं."

योगिनीनं खुर्ची आणून दिली, तिच्यावर ती बसली. मग अगदी हळू आवाजात, जसं श्रुतीला अभ्यास समजावते तसं तिनं मला सांगितलं. कालव फोडायचं तर फक्त वरची शिंप उडवायची. "खालची शिंप दगडाक ठेवची. ती काढूची नाय. कोणच काढणत नाय. तिच्यार नवीन कालवां बसतत, आवशीच्या पाठीर पोरां बसतत तशी. खालची शिंप गेली की खडप गेलां."

"म्हणजे परत येत नाहीत?"

"येतत. धा वर्सांन येतत, वीस वर्सांन येतत. कधी येनत पण नाय." तिनं मधल्या जोडीकडे बोट दाखवलं. "छिन्नी मारल्याशिवाय ही निघना नाय गो. दगड फोडूचो लागता."

आमच्या गावातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं. ती आईबरोबर खडपावर बसते, बघते आणि शिकते. मला ठाऊक नव्हतं, कारण मला वाळूत बसवलं होतं. मी आईला हे म्हणणार होते, पण म्हटलं नाही. तिचा त्यात काय दोष होता?

"सुशीक फोन लाव," आई म्हणाली.

मी व्हिडिओ कॉल लावला. सुशीमावशी अंगणात होती, मागे माड हलत होता. आईच्या मागची भिंत दिसताच तिचा हात तोंडावर गेला.

"मालन, रागव नको," ती म्हणाली. "तुझ्या लेकीचो फोन इलो. दोन्ही शिंपा होयेत, तुझ्यापाशी विषय काढू नको म्हणाली. माका वाटलां, तुका स्वताच्या तोंडान सांगूक जमना नाय, म्हणान लेकीकडसून सांगलंस."

"काय सांगलंय?"

"की तू आता येवचंस नाय. खालची शिंप कोण मागता? जिका परत जावचां नाय, तीच मागतली ना?" मावशीनं पदरानं डोळे पुसले. मग ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाच्या दगडाक मी हात लावूक नाय. तुझोच फोडलंय. छिन्नी मारताना रोज रडू येय. बारा वर्सां राखलंय, आणि माझ्याच हातान..."

"तुझी काय चूक नाय, सुशी," आई म्हणाली. "बरां केलंस. लेकीन मागलां, तू दिलंस." मग तिनं विचारलं, "काय रवलां काय थय? टोकाक? पाण्याच्या अंगाक?"

मावशीनं मान हलवली. काही राहिलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी रडले. आई, हे सगळं काढते, म्हटलं, भिंत उतरवते, सगळ्या शिंपा पोत्यात भरून परत नेऊ, दगडावर ठेवू. आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"ब्लीच लावलंस ना तुया?" ती म्हणाली. "आणि वर ह्यां चकचकीत. मेलेली हाडां ती. दगडाक काय गोंदान चिकटवतलंस?" मग तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "गप ऱ्हव. लोकां येतली आता."

लोक आले. सहा वाजता गॅलरी भरली. भिंतीसमोर माणसं हळू आवाजात बोलत होती, फोटो काढत होती, एक गृहस्थ मला म्हणाले की तुमच्या कामात विलक्षण माया आहे. मी आभार मानले. ज्यांच्याशी बोलत होते त्यातल्या कुणाचाही चेहरा मला आठवत नाही. मग योगिनीला काय सुचलं कोण जाणे, तिनं माइक आईपुढे धरला. "आजी, ही भिंत तुमच्या नावाची आहे. दोन शब्द बोला ना."

मला वाटलं आता जमिनीनं पोटात घ्यावं. आईनं माइककडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मधल्या त्या रेघेकडे बघितलं.

"माझ्या लेकीन मेहनत केल्यान," ती म्हणाली. "ल्हानपणापासून तिका दोन्ही शिंपा बघूच्यो होत्यो. मी तिका दाखवूक नाय. आता तिना बघितल्यान."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईसुद्धा वाजवायला लागली, मग थांबली आणि हात मांडीवर ठेवले.

शनिवारी सकाळी कॅलेंडरचा चौकोन कोरा होता. द्वादशी, भरती नऊला, मला तोंडपाठ होतं. आई कोथिंबीर निवडत बसली होती आणि पेन्सिल फ्रिजवर होती. दुपारी तिनं श्रुतीच्या फ्रॉकची हेम घातली. बॅग दिवाणाखालीच होती, ती तिनं ओढली नाही.

रविवारी चार वाजता विक्रम रिक्षा घेऊन आला. झालेलं सगळं त्याला मी सांगितलं होतं, पण आई जाणारच असं त्यानं धरलं होतं. "आई, ऑटो खाली थांबलाय. चला की, ट्रॅफिक लई आहे आज."

"परत धाड तेका," आई म्हणाली.

विक्रम माझ्याकडे बघायला लागला. मी आईपाशी खाली बसले. म्हटलं, आई, घर आहे तिथे, सुशीमावशी आहे, मी सोडायला येते तुला, महिनाभर राहते. खडप नसलं म्हणून काय झालं? मी इतकी बोलले, की माझं मलाच खरं वाटायला लागलं.

"थय जावन काय करू?" आई म्हणाली. "दगडाकडे पाठ करून अंगणात बसू? सुशीक रोज माझ्याकडे बघूचां लागतलां. तिका कशाक तो त्रास?"

विक्रम खाली गेला. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. आईनं बॅग बाहेर ओढली, चेन उघडली, दोन्ही साड्या काढून कपाटात ठेवल्या, टॉवेल दोरीवर टाकला. बसचं तिकीट बटव्यातून काढून चार घड्या केल्या आणि कचऱ्यात टाकलं. बॅगेच्या तळाशी ती चिंधी उरली. तिनं ती सोडली आणि आतलं लोखंड माझ्यापुढे धरलं.

"घे," ती म्हणाली. "ल्हान होतंस तेव्हा मागत होतंस ना? तुझ्या कामाक येतलां."

मी लोखंडाकडे बघत म्हटलं, "हात कापेल माझा."

"कशार कापतलो?" आई म्हणाली. "थय आता काय रवलां नाय."

मी लोखंड हातात घेतलं. मूठ गुळगुळीत झिजलेली होती, तिच्या बोटांच्या जागा तशाच होत्या. मी नव्या धारेवर अंगठा ठेवला. आई माझ्या हाताकडे बघत होती, पण ह्या वेळी तिनं ते हिसकावून घेतलं नाही.